शेजाऱ्याची गाडी आणि आपले घर



रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात जी मंडळी रेंगाळतात त्यांच्यात हल्ली एक विषय हमखास निघतो. मुलाने घर कुठे घ्यायचे? वाडीच्या वाटण्या झालेल्या असतात, जुने घर दोन भावांना पुरत नाही, सून मुंबईला नोकरीला, नातवंडांच्या शाळेचा प्रश्न वेगळाच. मग नायगाव की मीरा रोड, दहिसर की बोरिवली, की इथेच वसई रोडला स्टेशनच्या जवळ, अशी चर्चा रंगते. ती ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. भाव विचारून झाला, स्टेशन किती लांब ते विचारून झाले की तिसरा प्रश्न येतो, "तिकडे लोक कसे आहेत?" त्याचे उत्तर बहुधा माणसांविषयी नसते, गाड्यांविषयी असते. "चांगले आहेत हो. खाली दोन-दोन मर्सिडीज उभ्या असतात."

गेल्या प्रायश्चित्त काळात माझ्या भाच्याचा फोन आला. तो अंधेरीला नोकरी करतो, भाचेसून मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. त्यांनी दोन घरे नक्की केली होती आणि त्यातले एक निवडायचे होते. एक मीरा रोडच्या बाजूला बावीस मजली टॉवरमध्ये, दुसरे वसईतच, वीस वर्षांच्या जुन्या चार मजली सोसायटीत. दोघांच्या किमतीत अडतीस लाखांचा फरक. "आत्या, तू एकदा बघायला ये. पार्किंग बघूनच थक्क होशील," तो म्हणाला.

आम्ही शनिवारी संध्याकाळी गेलो. टॉवरमध्ये शिरल्यावर वर घर दाखवण्याआधी त्याने आम्हाला तळघरात नेले आणि बोटावर मोजून दाखवल्या: दोन मर्सिडीज, एक बीएमडब्ल्यू, एक ऑडी, चार फॉर्च्युनर. "इथले लोक सेटल आहेत, आत्या. आपल्या पोराला अशीच संगत मिळायला हवी."

मी गप्प राहिले. एकोणतीस वर्षे मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात टेबलावर बसले आहे आणि हे 'सेटल' म्हणजे काय ते मी कागदाच्या बाजूने पाहिले आहे. गप्प राहण्याचे आणखी एक कारण होते. ते पुढे सांगते.

लोटाने जागा कशी निवडली

घराची जागा निवडण्याची एक जुनी गोष्ट आपल्या पवित्र शास्त्रात आहे. उत्पत्तीच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय घरी जाऊन जरूर वाचा, फार मोठा नाही. अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट, दोघांचेही कळप वाढले, एकाच माळावर दोघांचा निभाव लागेना, गुराख्यांची भांडणे सुरू झाली. आपल्याकडे बांधावरून होतात तशीच. अब्राम वयाने मोठा, निवडीचा पहिला हक्क त्याचा. पण तो पुतण्याला म्हणतो की, तू आधी निवड. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन.

लोट काय करतो? नजर वर करून पाहतो. यार्देनेचे खोरे सगळे हिरवेगार, पाण्याने भरलेले. देवाच्या बागेसारखे, मिसर देशासारखे, असे त्याचे वर्णन आले आहे. बस्स, ठरले. त्याने ते खोरे घेतले आणि सदोमाच्या जवळ तंबू ठोकला. पुढच्याच ओळीत लेखक वाचकाला सांगून टाकतो की सदोमाचे लोक वाईट होते. आपल्याला ते कळते. लोटाने ते कोणाला विचारले असे मात्र कुठेही लिहिलेले नाही. त्याने पाणी पाहिले, कुरण पाहिले. तेवढ्यावरून निवड केली.

पुढचा भाग आपण सहसा एकत्र वाचत नाही म्हणून त्याचा क्रम लक्षात येत नाही. तेराव्या अध्यायात लोट सदोमाच्या जवळ आहे. चौदाव्यात तो सदोमात राहू लागला आहे आणि राजांच्या लढाईत मालमत्तेसकट पकडला जातो. त्याला सोडवायला अब्रामाला आपली ३१८ माणसे घेऊन धावावे लागते. एकोणिसाव्यात तो सदोमाच्या वेशीत बसलेला दिसतो, म्हणजे तो आता तिथलाच झाला. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी तो दोन मुलींना घेऊन डोंगरातल्या गुहेत राहतो आहे. सर्वात चांगला प्लॉट ज्याने निवडला त्याला शेवटी राहायला गुहा मिळाली.

लोट वाईट माणूस नव्हता. त्याने पाहुण्यांना घरात घेतले, त्यांच्यासाठी जिवावर उदार झाला. त्याची चूक निवडीच्या दिवशी झाली, आणि तीही एकच. जे लांबून दिसत होते तेवढ्यावर त्याने काम भागवले. टॉवरच्या तळघरात उभे राहून मला तोच आठवत होता, पण भाच्यासमोर एवढे प्रवचन कुठे करणार?

एका गाडीचा हिशेब

प्रवचनाऐवजी मी घरी आल्यावर कागद काढला. तो हिशेब इथे देते, कारण तो कोणालाही पडताळून पाहता येतो.

समजा, एखाद्याने पन्नास लाखांची गाडी घेतली. दहा लाख रोख भरले आणि चाळीस लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी, नऊ टक्के व्याजाने घेतले. महिन्याचा हप्ता साधारण ६४,३५० रुपये येतो. सात वर्षांत चाळीस लाखांचे चौपन्न लाख होतात. हे झाले कर्जाचे. आता गाडीची किंमत पाहू. विमा कंपन्या गाडीचे मूल्य ठरवताना घसाऱ्याचा जो तक्ता वापरत आल्या आहेत त्यात एक वर्ष उलटून गेलेल्या गाडीतून वीस टक्के, दोन वर्षे उलटल्यावर तीस, आणि चार वर्षे उलटून पाचव्यात असलेल्या गाडीतून पन्नास टक्के वजा होतात. बाजारात विकायला गेलात तर अशा महागड्या गाडीला त्याहूनही कमी मिळू शकते.

म्हणजे एक वर्ष झाल्यावर त्या गाडीचे कागदोपत्री मूल्य चाळीस लाख आणि फेडायचे राहिलेले कर्ज जवळपास ३५ लाख ७० हजार. त्या गृहस्थांनी तोवर खिशातून किती घातले? दहा लाख आणि बारा हप्ते, मिळून पावणेअठरा लाखांच्या आसपास. त्या गाडीत त्यांचे स्वतःचे असे काय उरले? सव्वाचार लाख. आपण पार्किंगमध्ये उभे राहून पन्नास लाख पाहतो. मालकाचे त्यात सव्वाचार लाख आहेत, बाकीचे बँकेचे आहेत किंवा हवेत गेले आहेत.

हे सगळ्याच गाड्यांचे आहे असे मी म्हणत नाही. काहीजण रोखीने घेतात आणि त्यांना ती परवडते. पण बाहेरून पाहणाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही. माझ्या टेबलावर जी कागदपत्रे आली त्यांवरून सांगते: चकचकीत गाडी कंपनीच्या नावावर असू शकते, नोकरी गेली की चावी परत. ती धंद्याच्या खात्यातून घेतलेली असू शकते, धंदा डबघाईला आला तरी गाडी ठेवावीच लागते कारण ती विकली तर देणेकरी दारात येतील. ती जर्मन कंपनीची पण दहा वर्षांची जुनी, तिसऱ्या हाताने घेतलेली असू शकते, आणि तिची किंमत तुमच्या नव्या कोऱ्या छोट्या गाडीइतकीच असते. ती सासऱ्यांनी दिलेली असू शकते. आपल्याकडे तर वाडी विकून आलेल्या पैशाची पहिली खरेदी कित्येकदा गाडीच असते. वाडी गेली, गाडी आली. दहा वर्षांनी दोन्ही नसतात. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतो आहे, कारण अशी घरे मला ठाऊक आहेत आणि तुम्हालाही.

खुर्ची आणि बाक

आता ते दुसरे कारण.

२००३ साली आमच्या इमारतीत एक गृहस्थ राहत होते. वाहतुकीचा धंदा, बोलणे गोड, पांढरी होंडा सिटी. त्या काळी आमच्या गल्लीत ती एकच होती. ते आमच्या बँकेत आले की मी स्वतः उठून त्यांना समोरची खुर्ची देई आणि चहा मागवी. त्याच सुमारास आपल्या बाजूचे एक वयस्क शेतकरी सायकलवरून येत. दूध घालून परत जाताना वाटेत बँक, त्यामुळे पायाला चिखल, मांड्यांपर्यंत दुमडलेले कपडे. त्यांना मी म्हणे, "बाबा, तिकडे बाकावर बसा, बोलावते." आणि ते बसत. एकदा तर पाऊण तास बसले होते.

एका दिवशी ठेवींच्या टेबलावरची बाई रजेवर होती म्हणून त्या बाबांच्या मुदत ठेवींच्या पावत्या मी नूतनीकरणासाठी हातात घेतल्या. रक्कम सांगणार नाही, बँकेचे गुपित निवृत्तीनंतरही गुपितच. एवढेच सांगते की त्या दिवशी बँकेबाहेर ज्या दोन-तीन गाड्या उभ्या होत्या त्या सगळ्या त्या पावत्यांत मावल्या असत्या. वाडीची किंमत वेगळी.

संत याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच चित्र आहे. सभेत एक सोन्याची अंगठी घातलेला, झगझगीत कपड्यांतला माणूस येतो आणि एक मळक्या कपड्यांतला गरीब येतो. पहिल्याला मानाची जागा, दुसऱ्याला उभा राहा किंवा पायाशी बस. याकोब म्हणतो की असे करताना तुम्ही मनात दुष्ट विचार घेऊन न्याय करणारे न्यायाधीश झालात. हे वाचन मी चर्चमध्ये कितीतरी वेळा ऐकले होते. ते माझ्या टेबलाविषयी आहे असे कधी वाटले नव्हते.

खुर्ची देण्यावर थांबले असते तर चालले असते. पण त्याच वर्षी त्या गृहस्थांनी एका पतपेढीतून तीन लाखांचे कर्ज काढले आणि मला जामीन राहायला सांगितले. माझ्याकडे कोणी कर्ज मागायला आले तर मी तीन वर्षांची विवरणपत्रे मागे, खात्याचे उतारे मागे, घरी माणूस पाठवी. या गृहस्थांना मी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांची गाडी मी रोज सकाळी पाहत होते ना! सही करून दिली. चौदा महिन्यांनी ते घर सोडून गेले. गाडी त्याआधीच फायनान्सवाल्यांनी ओढून नेली होती. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ मीच गिऱ्हाइकांना समजावून सांगत असे. दोघे जामीनदार होतो. माझ्या पगारातून दरमहा ४,२०० रुपये असे चाळीस महिने कापले गेले. माझ्या यजमानांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. मुलीची सहल मात्र त्या वर्षी रद्द झाली आणि तिने कारण विचारले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

यावरून सायकलवाला दिसला की तो गडगंज असणार, असा उलटा नियमही कोणी काढू नये. पुष्कळ सायकलवाले खरोखरच अडचणीत असतात आणि त्यांना बाकावर ताटकळत ठेवणे तर आणखी वाईट. चिखलाच्या पायांवरून आणि गाडीच्या बोनेटवरून काहीच कळत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

शेजारी जिंकला तर

ही काही आपलीच खोड नव्हे. अमेरिकेत थॉमस स्टॅन्ली आणि विल्यम डँको या दोन अभ्यासकांनी श्रीमंतांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९९६ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या भाषेत त्याचे नाव 'शेजारचा लक्षाधीश' असे होईल. श्रीमंत माणसे शोधायला ते आधी साहजिकच उंची वस्त्यांत गेले. तिथे त्यांना असे आढळले की मोठ्या घरांत राहणाऱ्या आणि महाग गाड्या चालवणाऱ्या पुष्कळांकडे साठवलेली संपत्ती फारशी नाही. आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांतले बरेचजण साध्या वस्तीत, साधी गाडी वापरून राहत होते. शेजाऱ्यांना त्यांचा पत्ताही नव्हता.

त्याहून मला नेदरलँड्समधली गोष्ट अधिक बोलकी वाटते. तिथे पोस्टाच्या पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. त्यांचा पिनकोड इतका छोटा असतो की त्यात एखाद्या रस्त्यावरची मोजकी घरे येतात. ज्या पिनकोडचा नंबर लागतो तिथल्या तिकीटधारकांना रोख बक्षीस आणि त्यांच्यापैकी एकाला बीएमडब्ल्यू गाडी. ज्याने तिकीट घेतले नाही तो दारात उभा राहून शेजाऱ्याची गाडी पाहतो! चार अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की विजेत्यांच्या अगदी शेजारी राहणाऱ्या आणि स्वतः तिकीटही न घेतलेल्या घरांत सहा महिन्यांनी गाड्यांवरचा खर्च वाढलेला होता. त्यांच्या उत्पन्नात एका पैशाचीही भर पडली नव्हती. आणि ज्यांनी बक्षीस जिंकले ते तरी अधिक आनंदी झाले का? सहा महिन्यांनी विचारले तेव्हा तसे काही आढळले नाही.

कॅनडात असाच एक अभ्यास झाला, २०२० साली छापून आला. त्याचा निष्कर्ष कडू आहे. लॉटरी जिंकणाऱ्याचे बक्षीस जितके मोठे, तितके त्याच्या आसपासच्या घरांत दिवाळे निघण्याचे प्रमाण अधिक. दिवाळखोरीच्या कागदांत त्या शेजाऱ्यांच्या नावावर घर, गाडी, मोटरसायकल अशा दिसणाऱ्या वस्तू वाढलेल्या आढळल्या. रोकड, पेन्शनची ठेव अशा न दिसणाऱ्या गोष्टी तशा वाढलेल्या नव्हत्या.

हे माझ्या भाच्याच्या तळघराशी कसे जुळते ते पाहा. तो म्हणत होता की इथे राहिल्याने पोराला चांगली संगत मिळेल. संगत लागते हे खरेच आहे. फक्त जे दिसते त्याचीच संगत लागते, हप्ते आणि ठेवी शेजाऱ्याला दिसत नाहीत. वाढदिवस हॉटेलात, शाळेची बस नको कारण सगळ्यांची मुले गाडीने जातात, सोसायटीची सहल परदेशात. यातली एकेक गोष्ट छोटी आहे. कोणी जबरदस्तीही करत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला मात्र "आपल्याकडे का नाही?" हे आईला विचारावेच लागते.

दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या ज्या वस्तूंचा लोभ धरू नये असे सांगितले आहे त्यांत बैल आहे, गाढव आहे. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला गाढवाचे हसू यायचे. परक्याच्या गाढवाचा कोणाला लोभ सुटेल? पण त्या काळी ओझे वाहणारे, प्रवासाला नेणारे जनावर तेच. आजच्या भाषेत ते शेजाऱ्याचे वाहनच झाले. निर्गमच्या यादीत घर सगळ्यात आधी येते आणि बैल-गाढव शेवटी. दोन्ही गोष्टी एकाच आज्ञेत आहेत.

मग जागा पाहावी कशी?

चांगल्या वस्तीत राहावेसे वाटणे यात काही पाप नाही. भाच्याची इच्छा योग्यच होती, त्याने पाहिलेली खूण चुकीची होती. म्हणून आम्ही पुढच्या आठवड्यात दोन्ही ठिकाणी पुन्हा गेलो. या वेळी भाचेसूनही ड्युटी बदलून आली.

आधी कागद. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, नवे बांधकाम असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक काय. हे कंटाळवाणे वाटते. पण नालासोपारा पूर्वेला ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, २०२४ च्या अखेरीस सुरुवात झाली आणि २०२५ च्या आरंभी काम पुरे झाले. ती जमीन कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव होती. शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. त्यांनीही घर घेताना आजूबाजूला पाहिलेच असेल, आणि त्यांना माणसे, दुकाने, वाहने दिसलीच असतील.

मग पाणी. पालिकेचे किती आणि टँकरचे किती, हे सचिवाला न विचारता वॉचमनला विचारावे. नंतर सोसायटीचा ताळेबंद. हा कागद घर घेणाऱ्यांपैकी फार थोडे मागतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड पाव टक्का जमा व्हायला हवा. तो होतो का, बँकेत आहे का, की दरवर्षी रंगरंगोटीला उडतो? या एका कागदावरून शेजाऱ्यांचा स्वभाव जितका कळतो तितका शंभर गाड्या पाहून कळत नाही. माणसे एकत्र येऊन पैसा नीट ठेवतात का, सर्वसाधारण सभेला येतात का, भांडण झाले तर मिटवतात का, हे सगळे त्यात उतरलेले असते.

टॉवरमध्ये आम्ही ताळेबंद मागितला तेव्हा "नंतर पाठवतो" असे उत्तर आले. वाट पाहत आम्ही लिफ्टजवळ उभे होतो. शेजारी सूचना फलक होता आणि त्यावर देखभाल शुल्क थकवणाऱ्यांची यादी लावली होती, नावे नव्हती, फक्त घरांचे क्रमांक. भाचेसून ती शांतपणे वाचत होती. मग ती म्हणाली, "एक मिनिट हं," आणि तळघरात जाऊन परत आली. तिथे प्रत्येक खांबावर ज्याची त्याची पार्किंगची जागा म्हणून घराचा क्रमांक रंगवलेला असतो. ती नवऱ्याला एवढेच म्हणाली, "त्या चार मोठ्या गाड्यांपैकी तीन या यादीत आहेत."

भाचा हसला, मग गप्प झाला. मी त्या दोघांना तिथेच सांगितले की या यादीवरूनही कोणाला चोर ठरवू नका. कोणाच्या घरी आजारपण असेल, कोणाची नोकरी गेली असेल, आणि ती गाडी विकायला काढलेली असूनही गिऱ्हाईक मिळत नसेल. मी हे दिवस जवळून पाहिले आहेत. २००३ सालचे ते गृहस्थ घर सोडून गेले तेव्हा त्यांची बायको पहाटे पिशव्या घेऊन जिना उतरत होती. ती मला पाहून थबकली आणि मी तोंड फिरवले. जामिनाचे पैसे माझे फिटले. ते तोंड फिरवणे अजून फिटलेले नाही.

वसईच्या जुन्या सोसायटीत खजिनदार स्वतःच ताळेबंदाची फाईल घेऊन आले. निवृत्त शिक्षक आहेत. दोन वर्षे गच्चीच्या गळतीवरून तिथे भांडण चालले होते तेही त्यांनी लपवले नाही. "मिटले आता, पण दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत," असे म्हणाले. पहिल्या मजल्यावरच्या आजीबाईंनी आम्हाला पाणी दिले आणि भाचेसून परिचारिका आहे हे कळताच रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पुढे केली. ती घरे जुनी आहेत, लिफ्ट नाही, रंग उडालेला आहे. खाली सगळ्या मिळून सहा गाड्या आणि पंधरा-वीस दुचाक्या. कोणाकडे किती आहे ते मला सांगता येणार नाही.

अजून त्यांचे ठरलेले नाही. भाच्याला मीरा रोडहून अंधेरी जवळ पडते, रोजच्या गर्दीत तो फरक थोडा नाही, हेही मला मान्य आहे. टॉवरवाल्यांना बयाणा द्यायचा शब्द त्याने तूर्त थांबवला आहे आणि ताळेबंद आल्याशिवाय बोलणार नाही असे कळवले आहे. वसईच्या घराची एकच शंका उरली आहे. २०१८ च्या जुलैत आपल्याकडे पाणी भरले तेव्हा त्या गल्लीत किती चढले होते, याची तीन माणसांनी आम्हाला तीन उत्तरे दिली. कोणी गुडघ्यापर्यंत म्हणतो, कोणी कमरेपर्यंत. म्हणून यंदा जुलैमध्ये मोठ्या भरतीचा दिवस आणि जोराचा पाऊस एकत्र आले की आम्ही तिघे तिथे जाऊन उभे राहणार आहोत. भाचेसुनेने दोन दिवसांची रजा आधीच राखून ठेवली आहे.